संवादी भ्रम

ज्ञानाच्या व्यवहारांत न्यायाधीश कोण आणि साक्षीदार कोण, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा वाटतो. आपल्याकडील दर्शनकारांनीं प्रत्यक्षाला सर्व प्रमाणांत ज्येष्ठ ठरविलें. अनुमान कितीहि सुसंगत असलें तरी तें अखेर प्रत्यक्षाच्याच खांद्यावर उभें असतें, असें त्यांचें म्हणणें. आधुनिक विज्ञानाविषयीं सुशिक्षित माणसाची जी समजूत असते तीहि याहून फारशी निराळी नाहीं. शास्त्रज्ञ कांहीं कल्पना करतो, तिच्यावरून भाकित करतो, मग सृष्टीकडे पाहतो. भाकित जुळलें तर कल्पना खरी, न जुळलें तर खोटी. खटला उभा राहतो, साक्ष होते, निकाल लागतो. हें सारें इतकें सरळ असतें तर त्याविषयीं लिहिण्याचें कारणच पडलें नसतें. परंतु विज्ञानाच्या रोजच्या कामाकडे जवळून पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, साक्षीदारालाहि उलटतपासणी चुकत नाहीं, निकाल अनेकदां पुढें ढकलला जातो, आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही कीं, आरोपी सुटला तरी तेवढ्यानें तो निर्दोष ठरत नाहीं. हें दाखविण्यासाठीं आम्ही येथें एक लहानसेंच क्षेत्र निवडलें आहे. जमिनीलगतच्या हवेचीं गणिती प्रतिमानें, आणि शेतांत मनोरे उभारून केलेलीं निरीक्षणें, यांचा परस्परांशीं जो व्यवहार चालतो तो हा विषय. विषय रुक्ष आहे खरा. पण आपण सर्वजण ज्या हवेंत श्वास घेतों तिचाच तो आहे, आणि त्याच्या पोटीं नीतीचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे.

भूपृष्ठाचा परिणाम साधारणतः तासाभराच्या आंत ज्या थराला जाणवतो, त्या वातावरणाच्या तळच्या थरास सीमास्तर म्हणतात. उन्हाळ्यांतील दुपारीं तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचे लोट वर चढतात आणि हा थर एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळून निघतो. सूर्य मावळून जमीन थंड होऊं लागली कीं तीच हवा खालून गार होते; जड गार हवा खालीं आणि हलकी उबदार हवा वर अशी स्थिति येऊन घुसळण मंदावते, व तोच थर शंभर-दोनशें मीटरांत, कित्येकदां त्याहूनहि कमी उंचींत, आखडून बसतो. हिंवाळ्यांत सकाळच्या प्रहरीं गांवावर चुलींचा धूर आडवा पसरून राहिलेला आपण पाहतों तो याच कारणानें. धुकें, दंव, पिकें करपविणारी थंडी, शहरांतील धुराची कोंडी, या सर्वांचा जन्म याच थरांत होतो. १९८४ सालच्या डिसेंबरमध्यें, २ तारखेच्या रात्रीं, भोपाळला जो विषारी वायु सुटला तो हवेहून जड होता. रात्रीच्या मंद हवेंत तो वर उधळून न जातां वस्तीवरून जमिनीलगत पसरत गेला. सीमास्तर ही केवळ पंडितांची संज्ञा नव्हे, हें सांगण्यास एवढें उदाहरण पुरे आहे.

या थरांतील हालचाल भोंवऱ्यांची आहे. मोठा भोंवरा किलोमीटरभर रुंदीचा, त्याच्या पोटांत लहान, त्याच्याहि पोटांत आणखी लहान, अशी ही परंपरा थेट मिलिमीटरापर्यंत जाते. उलटपक्षीं, हवामानाचें भाकित करणारें यंत्र सृष्टीकडे फार मोठ्या छिद्रांच्या जाळ्यांतून पाहतें. मध्यम मुदतीचीं भाकितें करणारें जें युरोपीय केंद्र आहे त्याचें प्रतिमान जगांतील उत्कृष्ट प्रतिमानांपैकीं एक मानलें जातें. २०१६ सालापासून त्याच्या जाळ्याचें एक घर सुमारें ९ किलोमीटर लांबरुंद आहे. म्हणजे ऐंशी चौरस किलोमीटरांवरील हवेला मिळून तेथें एकच वारा आणि एकच तपमान! त्या घराच्या आंत चाललेला भोंवऱ्यांचा खेळ यंत्राला दिसूंच शकत नाहीं. म्हणून त्या खेळाचा एकंदर परिणाम काय झाला, किती उष्णता वर गेली, वाऱ्याचा किती जोर जमिनीनें ओढून घेतला, हें एखाद्या सूत्रानें ठरवून द्यावें लागतें. हें सूत्र निव्वळ गणितांतून निघत नाहीं; प्रक्षुब्ध प्रवाहाचें कोडें अद्यापि पुरतें सुटलेलें नाहीं. १९५४ सालीं मोनिन आणि ओबुखोव या दोघां रशियन शास्त्रज्ञांनीं असा तर्क मांडला कीं, जमिनीच्या अगदीं लगतच्या हवेंत घर्षणाचा जोर आणि उष्णतेची उसळी यांचें परस्पर प्रमाण एकदां कळलें, म्हणजे वारा व तपमान उंचीप्रमाणें कसकसे बदलत जातात त्याचा आकार सर्वत्र एकच असला पाहिजे. असा आकार आहे, एवढेंच तर्कानें सांगितलें. तो कोणता, हें सृष्टीलाच विचारावयाचें होतें.

१९६८ सालच्या उन्हाळ्यांत तो प्रश्न विचारला गेला. अमेरिकेच्या हवाई दलाच्या केंब्रिज संशोधनशाळेनें कॅन्सस राज्याच्या नैर्ऋत्य भागांत, गहूं कापून नेलेल्या सपाट रानांत, ३२ मीटर उंचीचा मनोरा उभा केला, आणि ध्वनिलहरींच्या साहाय्यानें वाऱ्याचा क्षणाक्षणाचा वेग टिपणारीं यंत्रें त्यावर तीन उंचींवर बसविलीं. १९७१ सालीं बुसिंगर, विनगार्ड, इझुमी आणि ब्रॅडली यांनीं त्या नोंदींवरून काढलेल्या वक्ररेषा प्रसिद्ध केल्या. आणि त्या, किंवा त्यांच्याच जवळच्या, वक्ररेषा पुढें जगांतील कित्येक प्रतिमानांत जाऊन बसल्या. एका रानांतील एका उन्हाळ्याची साक्ष अशा रीतीनें जवळजवळ सर्व पृथ्वीचा कायदा बनली.

परंतु त्या साक्षींत एक खटकणारी गोष्ट होती. भिंतीलगतच्या प्रवाहाचा वेग भिंतीपासूनच्या अंतराबरोबर कसा वाढतो हें सांगणारा एक स्थिरांक आहे. त्याला फॉन कार्मान यांचें नांव आहे. नळांतील पाणी आणि प्रयोगशाळेंतील वाऱ्याचे बोगदे यांवरून त्याची किंमत सुमारें ०.४० येते, असें पूर्वींपासून मानलें जात होतें. कॅन्ससच्या मनोऱ्यानें सांगितलें, ०.३५. फरक एकअष्टमांशाचा. आतां काय मानावें? मोकळ्या हवेचा नियमच बंदिस्त प्रवाहाहून निराळा आहे असें मानावें, कीं साक्षीदार चुकला असें मानावें? प्रत्यक्षाला ज्येष्ठ मानणाऱ्यानें पहिला पक्ष घ्यावयास हवा होता, आणि कित्येकांनीं तो घेतलाहि. पुढें १९८० सालीं वीरिंगा यांनीं असा आक्षेप घेतला कीं, मनोरा आणि त्यावरील उपकरणांचा सरंजाम यांचाच वाऱ्याला अडथळा होत होता, आणि यंत्रें जो वारा मोजीत होतीं तो रानांतला मोकळा वारा नव्हता, तर मनोऱ्यानें वांकविलेला वारा होता. मूळ प्रयोगकर्त्यांनीं या आक्षेपाचा प्रतिवाद केला. अखेर १९८८ सालीं स्वीडनचे हॉगस्ट्रॉम यांनीं स्वतःच्या काळजीपूर्वक केलेल्या निरीक्षणांच्या आधारें जुन्या प्रयोगांची फेरतपासणी केली, तेव्हां तो स्थिरांक पुन्हा ०.४० च्या आसपास येऊन ठेपला. पाहणाऱ्याच्या उपस्थितीनेंच पाहावयाची वस्तु बदलली होती.

प्रयोगकर्ते निष्काळजी होते असा याचा अर्थ मुळींच नव्हे. त्यांच्या काळचा तो सर्वांत कसोशीचा प्रयोग होता. यांतून घ्यावयाचा बोध निराळा आहे. ज्याला आपण प्रत्यक्ष म्हणतों त्याच्या पोटांत अनुमानांची मोठी रांग उभी असते. ध्वनीला दोन टोंकांमधील अंतर कापण्यास किती वेळ लागला एवढेंच यंत्राला कळतें. त्यावरून वारा काढणें हें अनुमान, त्या वाऱ्यांतून अर्ध्या तासाची सरासरी वजा करून भोंवरे निराळे करणें हें दुसरें अनुमान, आणि मनोऱ्यापाशीं जें घडलें तेंच आजूबाजूच्या मुलुखांत घडलें असें धरणें हें तिसरें. मनोऱ्यावरील यंत्र आपल्या उंचीच्या सुमारें शंभरपट अंतरावरून येणाऱ्या हवेची हकीकत सांगतें, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. दहा मीटरांवरील यंत्र म्हणजे किलोमीटरभराची हकीकत. आणि प्रतिमानाचें घर तर नऊ किलोमीटरांचें. त्या घरांत शेत असेल, तळें असेल, डांबरी रस्ता असेल, वस्ती असेल. दोघांचीं उत्तरें जुळलीं नाहींत तर खोटें कोण बोललें? कदाचित् दोघांपैकीं कोणीच नाहीं. दोघांना विचारलेले प्रश्नच निरनिराळे होते. पिएर द्यूएम या फ्रेंच पंडितानें १९०६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत म्हटलें होतें कीं, पदार्थविज्ञानांत कोणताहि एक सिद्धान्त एकटा कसोटीला लागत नाहीं, त्याच्याबरोबर सहाय्यक गृहीतांचा सगळा गोतावळा कसोटीला लागतो. कॅन्ससचें रान हें त्या वचनावरील भाष्यच होय.

याहून गमतीचा प्रकार ऊर्जेच्या जमाखर्चाचा आहे. जमिनीला मिळालेल्या निव्वळ किरणोर्जेंतून मातींत मुरलेली उष्णता वजा केली, म्हणजे उरलेली ऊर्जा उष्णतेच्या व बाष्पाच्या रूपानें हवेंत गेलेली दिसली पाहिजे. ऊर्जा नाहींशी होत नसते, तेव्हां हा हिशेब जुळावयासच हवा. परंतु २००२ सालीं २२ ठिकाणच्या मनोऱ्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला, त्यांत सरासरीनें सुमारें एकपंचमांश ऊर्जेचा पत्ता लागत नव्हता. २००० सालीं कॅलिफोर्नियांतील पाणी दिलेल्या सपाट कापसाच्या शेतांत खास या तुटीच्या शोधासाठीं मोहीम काढण्यांत आली. तेथेंहि तूट पुरती भरून निघाली नाहीं. उलट प्रतिमानाची वही पाहावी तर ती पैपर्यंत जुळलेली! कारण ती जुळलीच पाहिजे असा नियम आपणच तिच्यांत घालून ठेवलेला असतो. जिचा जमाखर्च नेहमीं जुळतो ती वही खरी, आणि जिच्यांत तूट येते ती खोटी, असें व्यवहारांतला शहाणा माणूस म्हणणार नाहीं. किंबहुना आपली तूट उघडपणें दाखविणारी वही अधिक विश्वसनीय असण्याचा संभव आहे.

येथें एखादा संशयवादी म्हणेल कीं, मग झालें तर. निरीक्षणहि पोकळ आणि प्रतिमानहि पोकळ, ज्यानें त्यानें आपल्या आवडीचें मानावें. हें अनुमान घाईचें आहे. आपल्याकडे स्वतःप्रामाण्य आणि परतःप्रामाण्य असा एक जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान उत्पन्न होतांच तें प्रमाण मानावें, बाधक ज्ञान पुढें येईल तेव्हां तें सोडावें. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचें प्रामाण्य त्याच्या स्वतःच्या पोटांतून येत नाहीं, इतर साधनांनीं तें पारखून घ्यावें लागतें. वाऱ्याच्या या शास्त्राचा व्यवहार पाहिला तर दोन्ही पक्षांत तथ्य दिसतें. मनोऱ्याची नोंद बाधक मिळेपर्यंत मान्य करावी, नाहींतर पाऊलच पुढें पडणार नाहीं. पण बाधक आपण होऊन दारीं येईल या भरंवशावर न बसतां त्याचा शोध करणें हें शास्त्रज्ञाचें कर्तव्य मानावें. कॅन्ससची चूक कोणाच्या युक्तिवादानें नुसती झांकली गेली नाहीं. दुसऱ्या देशांतील दुसऱ्या मनोऱ्यानें ती दुरुस्त केली. निरीक्षणाचा दोष निरीक्षणानेंच निघाला. एक साक्षीदार चुकूं शकतो म्हणून कोणी न्यायालय बंद करीत नाहीं. तो आणखी साक्षीदार बोलावतो.

मात्र ते साक्षीदार खरोखर निराळे असले पाहिजेत, आणि खरा धोका येथेंच आहे. ज्या नोंदींवरून सूत्र बसविलें त्याच नोंदींशीं तें ताडून पाहणें म्हणजे वादीच्या घरचा माणूस पंच म्हणून बसविणें होय. हा दोष ढोबळ असल्यामुळें तो सहसा कोणी करीत नाहीं. पण त्याचीं सूक्ष्म रूपें आहेत. मोनिन-ओबुखोव यांच्या सिद्धान्ताची परीक्षा घेतांना आलेखाच्या आडव्या व उभ्या अशा दोन्ही अक्षांवर घर्षणाचें एकच माप शिरतें. त्या मापांत चूक असली तर ती दोन्हींकडे एकदमच जाते, आणि मुळांत संबंध नसतांहि बिंदू वक्ररेषेवर येऊन बसल्यासारखे दिसतात. हिक्स यांनीं १९७८ सालीं या फसवणुकीकडे लक्ष वेधलें. दोन साक्षीदार एकच हकीकत सांगत आहेत म्हणून आपण समाधान मानावें, आणि मागाहून कळावें कीं वेष बदलून एकच माणूस दोनदां पिंजऱ्यांत उभा राहिला होता, तसा हा प्रकार आहे. तिसरें रूप तर याहूनहि अवघड. निरीक्षणें स्वच्छ करतांना वारा अस्थिर होता, फार मंद होता, किंवा दिशा पालटत होती, अशा तासांच्या नोंदी अनेकदां वगळल्या जातात. कारण सिद्धान्ताच्या अटी त्या वेळीं पाळल्या जात नाहींत. अटी पाळणाऱ्या तासांत सिद्धान्त खरा ठरला, यांत नवल तें कसलें? आणि शांत रात्रीं, ज्यांत माणसें धुरानें गुदमरतात, त्या मात्र हिशेबाबाहेर राहतात.

या दृष्टीनें आपल्याच देशांतील एक प्रयोग लक्षांत घेण्याजोगा आहे. १९९० सालच्या पावसाळ्यांत भारतीय शास्त्रज्ञांनीं मोसमी वाऱ्यांच्या कमी दाबाच्या पट्ट्यांत जोधपूर, दिल्ली, वाराणसी आणि खरगपूर या चार ठिकाणीं ३० मीटर उंचीचे मनोरे उभारले. उष्ण कटिबंधांत ऊन प्रखर आणि वारा पुष्कळदां मंद असतो. कॅन्ससच्या मैदानांतील वाहत्या वाऱ्यावरून बसविलेले नियम येथें चालावे असा कोणताहि दंडक नव्हता. जोधपूरच्या नोंदींचा अभ्यास करून के. जी. राव आणि रोद्दम नरसिंह यांनीं पुढें असें दाखविलें कीं, मंद वाऱ्यांत जमिनीवरून वर जाणारी उष्णता वाऱ्याच्या वेगावर जवळजवळ अवलंबून नसते, ती जमीन आणि हवा यांच्या तपमानांतील अंतरानें ठरते. येथें कोणाची चूक दाखविण्याचा उद्देश नाहीं. ज्या देशांत मनोरे प्रथम उभे राहिले त्या देशाची हवा जगाचा नमुना ठरली, एवढेंच म्हणावयाचें आहे. ज्याच्याकडे साक्षीदार नाहीं त्याचा खटला दुसऱ्याच्या साक्षीवर चालतो. निरीक्षणें कोठें करावयाचीं हा प्रश्न म्हणूनच केवळ सोयीचा नाहीं; त्यांत न्यायाचाहि अंश आहे.

येथवर विसंवादाचा विचार झाला. आतां संवादाकडे, म्हणजे भाकित आणि निरीक्षण जुळतें त्या प्रसंगाकडे, वळूं. विद्यारण्यांच्या पंचदशींतील ध्यानदीप प्रकरणाच्या आरंभीं संवादी भ्रमाची कल्पना आलेली आहे; तिचा दृष्टान्त त्याहून पुष्कळ जुना असून धर्मकीर्तीच्या प्रमाणवार्तिकांतहि तो आढळतो. एकानें रत्नाची प्रभा पाहिली आणि तिलाच रत्न समजून तो धांवला. दुसऱ्यानें दिव्याची प्रभा पाहिली आणि तिलाच रत्न समजून तोहि धांवला. प्रभेला रत्न मानण्याची चूक दोघांचीहि सारखीच. पण पहिल्याच्या हातीं रत्न लागलें, दुसऱ्याच्या हातीं कांहींच लागलें नाहीं. पहिल्याचा तो संवादी भ्रम, दुसऱ्याचा विसंवादी. धर्मकीर्तीला यावरून अनुमानाची उपयुक्तता सांगावयाची होती, विद्यारण्यांना उपासनेची. आम्हांस येथें एवढेंच पाहावयाचें आहे कीं, फळ मिळालें म्हणून ज्ञान खरें होतें असें म्हणतां येत नाहीं, ही गोष्ट आपल्या परंपरेनें फार पूर्वीं ओळखली होती.

हवामान-प्रतिमानांच्या इतिहासांत या भ्रमाचें एक ठळक उदाहरण आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वर सांगितलेल्या युरोपीय केंद्राच्या प्रतिमानांत हिंवाळ्यांतील जमिनीलगतचें तपमान वाजवीपेक्षां फार खालीं जात असे. जमीन गार होई, त्यामुळें वरच्या हवेशीं मिसळण थांबे, मिसळण थांबल्यामुळें जमीन अधिक गार होई, आणि हें चक्र स्वतःच स्वतःला रेटीत जाई. जमिनींतील ओलावा गोठतांना जी उष्णता बाहेर पडते ती हिशेबांत घेणें हा त्यावर एक उपाय केला गेला, आणि त्याच्या जोडीला रात्रीच्या स्थिर हवेंतील मिसळण सूत्रानें वाढविण्यांत आली. १९९९ सालीं या सुधारणेचें वर्णन प्रसिद्ध झालें. भाकितें सुधारलीं. पण पुढें निरनिराळ्या देशांच्या प्रतिमानांची एकत्र तुलना झाली, आणि २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत असें दिसलें कीं, भाकितांसाठीं वापरलीं जाणारीं प्रतिमानें रात्रीची हवा वाजवीपेक्षां जास्त घुसळतात. त्यांचा थर जास्त जाड होतो, आणि रात्रीं जमिनीपासून थोड्या उंचीवर जो वेगवान् वाऱ्याचा पट्टा उठतो तो त्यांत दुबळा पडतो. मग हें जादा मिसळण काढून कां टाकीत नाहींत? २०१३ सालीं त्या केंद्रांतील संशोधकांनीं या प्रश्नाचें सरळ उत्तर दिलें: तें काढलें तर रात्रीच्या वाऱ्याचें चित्र सुधारतें, परंतु मोठ्या वादळी आवर्तांचीं भाकितें बिघडतात. डोंगरांमुळें व उंचसखल भूमीमुळें वाऱ्याला होणारा अडथळा, जमीन व हवा यांमधील उष्णतेची देवघेव, अशा ज्या गोष्टी प्रतिमानांत अपुऱ्या उतरल्या आहेत त्यांची भरपाई हें खोटें मिसळण करीत असावें. एका चुकीनें दुसरीला टेंकू दिला आहे. पहिली काढावी तर घर कोसळतें.

आतां नीतीचा प्रश्न. जें निरीक्षणाशीं जुळत नाहीं असें माहीत आहे तें सूत्र, फळ चांगलें येतें म्हणून, जाणूनबुजून चालूं ठेवणें योग्य आहे काय?

पूर्वपक्ष दुबळा नाहीं. भाकित करणाऱ्याचा धर्म सावध करणें हा आहे. वादळ कोठें धडकेल हें कोळ्याला वेळेवर कळलें पाहिजे. तें कळविणाऱ्या गणिताच्या एका कोपऱ्यांतील सूत्र तत्त्वतः शुद्ध होतें कीं नाहीं, याची त्याला काय मातबरी? सूत्राच्या शुद्धतेसाठीं ज्यानें भाकित बिघडविलें आणि त्यापायीं माणसें बुडालीं, त्याची सत्यनिष्ठा ही एक प्रकारची चैनच म्हणावी लागेल. वैद्यालाहि औषध कां लागू पडतें हें नेहमीं ठाऊक असतेंच असें नाहीं. तेवढ्यासाठीं तो रोग्याला तिष्ठत ठेवीत नाहीं. हा पक्ष आम्हांस एवढ्यापुरता मान्य आहे: अशा सूत्राचा वापर हें स्वतः पाप नव्हे.

पण तेवढ्यानें प्रश्न मिटत नाहीं. एक तर, फळ चांगलें येतें म्हणजे कोणासाठीं येतें? भाकिताच्या गुणवत्तेचें एक रूढ माप जमिनीपासून सुमारें साडेपांच किलोमीटर उंचीवरील हवेच्या दाबाच्या आकृतीवरून काढतात, आणि तेंहि खंडच्या खंड व महिनेच्या महिने यांची सरासरी घेऊन. त्या मापावर गुण वाढले, आणि त्यांची किंमत जमिनीपासून शंभर-दोनशें मीटरांच्या रात्रीच्या हवेनें चुकविली. त्या हवेंत कोण असतें? धुक्यांत गाडी हांकणारा असतो, थंडीनें पीक जाईल या धास्तीनें जागणारा शेतकरी असतो, कारखान्याच्या धुराड्याखालीं झोपलेली वस्ती असते. पवनचक्क्यांचीं पातीं त्याच उंचीवर फिरत असतात. सरासरीचा गुण असा आहे कीं, तिच्यांत कोणाचें नुकसान कोणाच्या फायद्यांत विरून गेलें हें दिसत नाहीं. वरच्या हवेचा नफा आणि खालच्या हवेचा तोटा एकाच बेरजेंत घातला म्हणजे हिशेब सुरेख दिसतो. पण ज्याचा तोटा झाला त्याला त्या बेरजेनें समाधान वाटण्याचें कारण नाहीं.

दुसरें असें कीं, संवादी भ्रमाचें यश प्रभेच्या मागें रत्न आहे तोंवरच टिकतें. दोन चुका आज परस्परांना सांवरतात त्या आजच्या परिस्थितींत. बर्फ वितळलें, जंगल तुटलें, शहर पसरलें, ऋतूंचा तोल ढळला, कीं त्या दोघी एकाच प्रमाणांत बदलतील अशी हमी कोणीं द्यावी? उद्यांच्या पावसाचें भाकित उद्यां पडताळतां येतें, म्हणून तेथें भ्रम लवकर उघडा पडतो. परंतु त्याच जातीचीं सूत्रें घेऊन जेव्हां पन्नास-शंभर वर्षांपुढील हवेचा हिशेब मांडला जातो, तेव्हां साक्षीदार अजून जन्मलेलाच नसतो. तेथें आपणांस केवळ निकालाच्या जुळणीवर विसंबतां येत नाहीं. निकाल ज्या कारणांनीं आला तीं कारणें खरीं आहेत कीं नाहींत हें पाहणें भाग पडतें. या ठिकाणीं सत्य ही चैन राहत नाहीं. तीच एकमेव सुरक्षितता होय.

१९९४ सालीं नाओमी ओरेस्केस व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, निसर्गांतील उघड्या व्यवस्थांचें कोणतेंहि प्रतिमान खरें असल्याचें सिद्ध करतांच येत नाहीं. जुळणाऱ्या निरीक्षणांनीं त्याला फार तर पाठबळ मिळतें, आणि तेंहि अंशतः. हें मान्य केलें म्हणजे प्रतिमान पडताळलें गेलें, प्रमाणित झालें, असल्या शब्दांतील गुर्मी उतरते. पण तीच मान्यता दुसऱ्या एका कर्तव्याला जन्म देते. सत्य संपूर्ण हातीं येणार नाहीं असें ठरल्यावर, आपण त्यापासून कोठें व किती दूर आहों हें लपवून ठेवण्याची सबबहि नाहींशी होते.

तडजोड आणि लबाडी यांतील फरक येथें आहे. गरजेपोटीं कर्ज काढणारा माणूस अप्रामाणिक नसतो; तें वहींत न मांडणारा अप्रामाणिक असतो. खोट्या मिसळणानें भाकित सुधारतें तर तें वापरावें, पण तें काय आहे, कोणत्या उणीवेची भरपाई म्हणून आहे, आणि त्याचा बोजा कोणत्या हवेवर पडतो, हें वहींत ठळक मांडलेलें असावें. आणि कर्ज फेडण्याचा, म्हणजे मूळ उणीव शोधण्याचा, उद्योग चालूं राहावा. २०१३ सालचा तो निबंध आम्हांस याच कारणासाठीं स्तुत्य वाटतो. त्यानें कर्ज फेडलें नाहीं. पण तें कबूल केलें, आणि तें कां फिटत नाहीं हेंहि सांगितलें. भीति आहे ती पुढच्या पिढीची. सूत्र तिच्या हातीं वारशानें येतें, त्याबरोबरची कबुली येतेच असें नाहीं. आणि ज्या दिवशीं ती कबुली हरवते त्या दिवसापासून संवादी भ्रम हा भ्रम म्हणून ओळखला जात नाहीं, त्याला ज्ञान म्हणूं लागतात. कॅन्ससचे आंकडे पुष्कळ वर्षें असेच, त्यांच्या मनोऱ्याची आठवण न ठेवतां, वापरले गेले होते.

म्हणून निरीक्षणाकडे केवळ प्रतिमानाला गुण देणारा परीक्षक म्हणून पाहणें आम्हांस अपुरें वाटतें. परीक्षक अखेरचें उत्तर बरोबर आलें कीं चूक एवढेंच पाहतो. चांगला गुरु मधल्या पायऱ्या पाहतो, आणि उत्तर बरोबर येऊनहि रीत चुकली असेल तर वही परत देतो. दिल्लीच्या विमानतळावर २०१५ सालच्या हिंवाळ्यापासून धुक्याच्या अभ्यासासाठीं जीं निरीक्षणें सुरू झालीं त्यांचें मोल याच जातीचें आहे: धुकें पडलें कीं नाहीं एवढ्यावर तीं थांबत नाहींत; जमीन, किरण, ओलावा, धूलिकण आणि मंद वारा यांपैकीं कोणीं किती वाटा उचलला हें तीं विचारतात. प्रत्येक वाट्याची स्वतंत्र साक्ष काढली म्हणजे चुकांना परस्परांच्या आड लपतां येत नाहीं. हें काम खर्चाचें आहे, संथ आहे, आणि त्यानें भाकिताचा गुणांक लगेच वाढेल असें नाहीं. प्रसंगीं तो कांहीं काळ उतरेलहि. तरीहि तें केलें पाहिजे, कारण ज्या रात्रीं वारा पडतो, धूर खालीं बसतो आणि सरासरी कोणाच्याच उपयोगीं पडत नाहीं, त्या रात्रीं खालच्या हवेंत असणाऱ्या माणसाला आपलें रत्न म्हणजे रत्नच आहे, दुसऱ्या कोणाच्या दिव्याची प्रभा नव्हे, हें जाणण्याचा हक्क आहे.